ॲम्प्लिफायर जन्मभर टिकतो तो कशामुळे?

वाशीम : घरातला टीव्ही सात-आठ वर्षांत बदलला जातो, मोबाईल तर दोन-तीन वर्षांतच जुना ठरतो. मात्र गाणे मनापासून ऐकणाऱ्यांच्या घरात एक वस्तू तीस-चाळीस वर्षे जागची हलत नाही. ती म्हणजे ॲम्प्लिफायर. तबकडी गेली, कॅसेट आली आणि गेली, सीडीचे दिवसही सरले. गाणी आता मोबाईलमधून येतात. पण ती स्पीकरपर्यंत पोहोचवण्याचे काम तोच जुना, जड, धातूचा डबा करू शकतो.

प्रश्न उभा राहतो तो एखाद्या दिवशी या डब्यातून आवाज येईनासा होतो तेव्हा. 'आता याचे पार्ट मिळत नाहीत,' असे मेकॅनिकने सांगितले की वडिलांनी हौसेने घेतलेले यंत्र किलोच्या भावाने भंगारात जाते. दुसरीकडे, नवा ॲम्प्लिफायर घ्यायचा तर चांगल्या यंत्राची किंमत एखाद्या महिन्याच्या पगाराला सहज गाठते. म्हणूनच 'एकदा घेतला की जन्माची काळजी मिटली' असा ॲम्प्लिफायर कोणता, हा दर्दी श्रोत्यांच्या गप्पांतील जुना विषय आहे. त्याचे उत्तर बहुतेक वेळा कंपनीच्या नावाने दिले जाते. प्रत्यक्षात ते यंत्राच्या पोटात असते, आणि वाशीमसारख्या उन्हाळी व महानगरांपासून दूर असलेल्या जिल्ह्यात तर ते अधिकच ठळकपणे दिसते.

काम साधे, म्हणून आयुष्य मोठे

सीडी प्लेअर किंवा मोबाईलमधून बाहेर पडणारा विद्युत संकेत फार तर एक-दोन व्होल्टचा असतो आणि त्यात स्पीकरचा पडदा हलवण्याइतके बळ नसते. त्या संकेताचा आकार न बिघडवता त्याला बळ देणे, एवढेच ॲम्प्लिफायरचे काम. हे काम पन्नास वर्षांपूर्वी होते तेच आजही आहे. मागच्या बाजूची लाल-पांढरी सॉकेटही तीच आहेत. म्हणून १९७० च्या दशकातील ॲम्प्लिफायरला आजचा मोबाईल एका साध्या वायरने जोडता येतो. संगणकाचे किंवा टीव्हीचे असे होत नाही.

दर्दींच्या पसंतीची नावे

जगभरच्या श्रोत्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या यंत्रांची यादी केली, तर काही नावे हमखास येतात. इंग्लंडमध्ये पीटर वॉकर यांनी १९३६ मध्ये सुरू केलेल्या कंपनीचा 'क्वाड-२' हा व्हॉल्व्हवर चालणारा ॲम्प्लिफायर १९५३ मध्ये आला. त्याची ताकद होती केवळ १५ वॅट. त्याच कंपनीचा ट्रान्झिस्टरवर चालणारा 'क्वाड ३०३' हा १९६७ चा. ही यंत्रे अजूनही अनेक घरांत वाजत आहेत. अमेरिकेतील मॅकिंटॉश कंपनीचा 'एमसी २७५' १९६१ मध्ये आला आणि मागणीमुळे पुढे त्याच्या नव्या आवृत्त्या काढाव्या लागल्या. जपानची 'अक्युफेज' ही १९७२ मध्ये स्थापन झालेली कंपनी जुन्या यंत्रांची दुरुस्ती करून देण्याबद्दल ओळखली जाते.

ही सारी नावे श्रीमंतांची. सामान्य श्रोत्याच्या दृष्टीने सर्वांत बोलके उदाहरण आहे ते 'एनएडी ३०२०' या १९७८ मध्ये आलेल्या छोट्या ॲम्प्लिफायरचे. एरिक एडवर्डसन या अभियंत्याने तो रचला. दिसायला अगदी साधा, करड्या-काळ्या रंगाचा, कागदोपत्री ताकद प्रत्येक बाजूला अवघी २० वॅट. पण गाण्यातील क्षणिक जोरकस आघात पेलण्यासाठी लागणारा जादा विद्युतप्रवाह देण्याची सोय त्यात होती. त्यामुळे तो मोठमोठ्या स्पीकरनाही सहज चालवी. जगात सर्वाधिक खपलेल्या हाय-फाय ॲम्प्लिफायरमध्ये त्याची गणना होते.

त्याचे शेवटच्या टप्प्यातले ट्रान्झिस्टर होते '२एन३०५५' आणि त्याचा जोडीदार 'एमजे२९५५'. यातला पहिला भारतातल्या कोणत्याही जुन्या रेडिओ मेकॅनिकला ठाऊक असतो. जुन्या इन्व्हर्टरपासून विजेच्या पुरवठ्याच्या सर्किटपर्यंत सर्वत्र तो वापरला जाई. म्हणजे लंडनहून जगभर गाजलेल्या यंत्राचा हा नाजूक भाग लहान गावातही बदलता येण्याजोगा होता. टिकाऊपणाचे मर्म येथे आहे.

आपल्याकडची परंपरा

आयातीवर निर्बंध होते त्या काळात परदेशी यंत्रे सर्वसामान्यांच्या आवाक्याबाहेर होती. ती उणीव देशी उत्पादकांनी भरून काढली. कोलकात्याची 'सोनोडाईन' १९७० मध्ये सुरू झाली. 'कॉस्मिक'चे ॲम्प्लिफायर आणि डेक अनेक मध्यमवर्गीय दिवाणखान्यांची शान होते. बंगळुरूची 'नॉर्ज' कंपनी साध्या, दणकट ॲम्प्लिफायरसाठी ओळखली गेली. पुण्याच्या 'कॅडेन्स'ने तर व्हॉल्व्हचे ॲम्प्लिफायर आणि इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर बनवून परदेशी दर्दींचेही लक्ष वेधले.

ग्रामीण भागाला मात्र ॲम्प्लिफायर म्हटले की आठवतो तो 'आहुजा'. दिल्लीची ही कंपनी १९४० पासूनची. भजनी मंडळ असो, सप्ताह असो, लग्नाचा मांडव असो की पोहरादेवीची रामनवमीची यात्रा, कर्ण्याच्या मागे असा एखादा डबा असतोच. हाय-फायचे शौकीन त्याला आपल्या पंगतीत बसवत नाहीत. तो आवाज दूरवर पोहोचवण्यासाठी बनलेला असतो, सतारीच्या तारेचा झंकार टिपण्यासाठी नव्हे. तरीही टिकाऊपणाचा धडा त्याच्याकडून घेण्यासारखा आहे. यातली काही यंत्रे विजेबरोबरच १२ व्होल्टच्या बॅटरीवरही चालतात, ती स्क्रू काढून सहज उघडतात आणि मांडववाल्याच्या ओळखीचा मेकॅनिक ती गावातच दुरुस्त करतो. धूळ, ऊन, धक्के आणि कमी-जास्त दाबाची वीज सोसून ती वर्षानुवर्षे चालतात.

खरा शत्रू उष्णता

वाशीम जिल्ह्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपलीकडे जातो. ॲम्प्लिफायरच्या दृष्टीने हा केवळ ऋतू नव्हे, तर त्याच्या आयुष्याचा हिशेब आहे. ट्रान्झिस्टर, ट्रान्सफॉर्मर हे भाग नीट वापरले तर अनेक दशके टिकतात. सर्वांत आधी म्हातारा होतो तो इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, ज्याला बाजारात 'कंडेन्सर' म्हणतात. त्याच्या पोटात रासायनिक द्राव असतो आणि उष्णतेने तो हळूहळू सुकतो.

कंडेन्सरवर '८५ अंश' किंवा '१०५ अंश' असे छापलेले असते. त्या तापमानाला तो किती तास टिकेल, याचा आकडा कंपनी देते. तापमान दर १० अंशांनी कमी झाले की हे आयुष्य साधारण दुप्पट होते, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. समजा, कंडेन्सर ८५ अंशांना २,००० तास टिकणारा आहे. यंत्राच्या पोटातील तापमान ५५ अंश राहिले तर तो सुमारे १६,००० तास टिकेल. रोज चार तास गाणी ऐकली तर ही झाली साधारण ११ वर्षे. बंद कपाटात ठेवल्यामुळे तेच तापमान ६५ अंश झाले की उरतील ८,००० तास, म्हणजे जेमतेम साडेपाच वर्षे. उलट १०५ अंशांचा तेवढ्याच तासांचा कंडेन्सर ५५ अंशांना ६४,००० तासांचा हिशेब देतो. प्रत्यक्षात इतर कारणांनी हा आकडा बराच घटतो. पण फरकाची दिशा तीच राहते. दुरुस्तीच्या वेळी काही रुपये जास्त मोजून १०५ अंशांचा कंडेन्सर बसवून घेणे म्हणूनच शहाणपणाचे.

याच कारणाने 'क्लास ए' जातीचे ॲम्प्लिफायर विदर्भात जपून निवडावेत. त्यांचा आवाज कितीही मुलायम असला, तरी गाणे सुरू असो वा नसो, ते सतत भरपूर वीज खाऊन उष्णता बाहेर टाकतात. घरगुती वापरात रूढ असलेला 'क्लास एबी' येथे अधिक सोयीचा. नवे 'क्लास डी' ॲम्प्लिफायर अगदी थंड चालतात आणि वीजही वाचवतात. मात्र त्यांचे भाग इतके बारीक असतात की बिघाड झाल्यास बहुधा संपूर्ण बोर्डच बदलावे लागते. व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरचे चाहते कमी नाहीत. पण व्हॉल्व्ह झिजणारी वस्तू आहे आणि आतला दाब काहीशे व्होल्टचा असल्याने ते यंत्र घरी उघडणे जिवावर बेतू शकते.

आयसीचा तिढा

जुन्या यंत्रांत आवाज वाढवण्याचे काम सुटे ट्रान्झिस्टर करीत. १९८० च्या दशकात अनेक कंपन्यांनी खर्च वाचवण्यासाठी 'एसटीके' मालिकेच्या एकाच मोठ्या आयसीवर सर्व भार टाकला. यंत्र स्वस्त झाले, आवाजही बरा होता. परंतु आता हे अस्सल आयसी मिळणे अवघड झाले आहे आणि बाजारात नकली मालच फार. एक आयसी जळाला की उत्तम ट्रान्सफॉर्मर, उत्तम पेटी, सारे निरुपयोगी. सुट्या ट्रान्झिस्टरच्या यंत्रात जळालेल्या भागाऐवजी त्याच गुणधर्माचा दुसरा भाग शोधता येतो. वाशीमहून अकोला सुमारे ८० किलोमीटर आणि मुंबई-पुणे तर रात्रभराचा प्रवास. वीस किलोंचे यंत्र घेऊन कंपनीच्या सेवा केंद्राच्या फेऱ्या मारणे परवडणारे नसते. तेव्हा जे जवळचा मेकॅनिक दुरुस्त करू शकतो, तेच खऱ्या अर्थाने जन्माचे यंत्र.

किती वॅट पुरेत?

खरेदीत सर्वाधिक फसगत होते ती वॅटच्या आकड्यांवरून. टेपरेकॉर्डरच्या खोक्यांवर एकेकाळी हजारो वॅट 'पीएमपीओ' असे छापलेले असे. या आकड्याला कोणतेही ठरलेले मोजमाप नव्हते. पाहावा तो आरएमएस, म्हणजे सलग देता येणारा वॅटचा आकडा.

तोही फार मोठा असण्याची गरज नाही. वॅट दुप्पट केले तर आवाज केवळ ३ डेसिबलने वाढतो. कानाला तो दुप्पट वाटायला सुमारे दहापट वॅट लागतात. ८८ डेसिबल क्षमतेचा स्पीकर १ वॅटमध्ये एक मीटरवर ८८ डेसिबल आवाज देतो. १२ बाय १५ फुटांच्या खोलीत बरेचसे गाणे एक-दोन वॅटमध्येच ऐकले जाते. उरलेली ताकद लागते ती तबल्याची जोरकस थाप किंवा तार सप्तकातली उंच तान पेलण्यासाठी. त्यामुळे प्रामाणिक २५ ते ५० वॅट घरासाठी पुरेसे आहेत. या वॅटमागचा ट्रान्सफॉर्मर मात्र भरभक्कम हवा. यंत्र उचलून पाहण्याची जुन्या जाणकारांची सवय त्यासाठीच. ही कसोटी अर्थात जुन्या पद्धतीच्या यंत्रांना. 'क्लास डी'ला ती लागू नाही.

जुना घेताना

जपानच्या बाजारासाठी बनलेली जुनी यंत्रे १०० व्होल्टवर आणि अमेरिकेतली १२० व्होल्टवर चालतात. ती आपल्या २३० व्होल्टला थेट जोडली तर क्षणात जळतात. त्यामुळे मागच्या पट्टीवरील व्होल्टचा आकडा वाचल्याशिवाय व्यवहार करू नये. बटण दाबल्यावर काही सेकंदांनी 'टक्' असा आवाज आला तर स्पीकरचे रक्षण करणारा रिले काम करतो आहे, असे बहुधा समजावे. तो नसेल आणि ट्रान्झिस्टर जळाला, तर थेट प्रवाह स्पीकरमध्ये जाऊन त्याचे कॉइलही जळू शकते. व्हॉल्यूम फिरवताना होणारी खरखर मात्र किरकोळ दोष आहे. बहुतेक वेळा ती साफसफाईने जाते. दोन्ही बाजूंची सततची घरघर कंडेन्सर थकल्याची खूण असू शकते.

हे लक्षात ठेवा

- ॲम्प्लिफायरवर सीडी प्लेअर, कापडी आच्छादन किंवा फुलदाणी ठेवू नये. वर किमान वीतभर जागा मोकळी असावी.
- भिंतीतल्या बंद कपाटात यंत्र चालवू नये.
- विजेचा दाब खाली-वर होत असेल तर चांगला स्टॅबिलायझर लावावा. वळवाच्या पावसात विजा कडाडू लागल्या की प्लग काढून ठेवावा.
- फ्यूज उडाला तर त्याच आकड्याचा बसवावा. फ्यूजच्या जागी तांब्याची तार घालणे म्हणजे यंत्राला आणि घरालाही धोका.
- वर्षातून एकदा जाणकाराकडून आतली धूळ साफ करून घ्यावी. पाली व झुरळे उबेला आत शिरतात आणि शॉर्टसर्किट घडवतात.
- प्लग काढल्यानंतरही मोठ्या कंडेन्सरमध्ये वीज साठलेली असते. अनुभव नसताना झाकण उघडू नये.
- पंधरा-वीस वर्षांनी कंडेन्सर बदलून घ्यावेत. यंत्राचा आवाज अनेकदा नव्यासारखा होतो.
- सोबत आलेले माहितीपुस्तक आणि सर्किटचा नकाशा जपून ठेवावा. मेकॅनिकला तो नव्या सुट्या भागाइतकाच मोलाचा असतो.

क्वाड असो, एनएडी असो की देशी बनावटीचा एखादा साधा ॲम्प्लिफायर, जन्मभर न बिघडणारे यंत्र अद्याप कोणी बनवलेले नाही. ज्यांनी चाळीस वर्षे साथ दिली, ती सारी यंत्रे मधे कधी तरी उघडली गेली, त्यांचे दोन-चार भाग बदलले गेले आणि ती पुन्हा गाऊ लागली. म्हणून घरात पडून असलेला जुना ॲम्प्लिफायर भंगारवाल्याला देण्यापूर्वी एकदा मेकॅनिकच्या टेबलावर उघडून पाहावा. बिघाड अनेकदा एखाद्या सुकलेल्या कंडेन्सरचाच असतो.