दोन गोळ्यांचे गणित

रक्तदाबासाठी डॉक्टरांनी एका गोळीच्या जोडीला दुसरी लिहून दिली की, ‘आजार फार वाढला असावा’ अशी शंका घरात डोकावते. वस्तुतः एकाच औषधाची मात्रा दुप्पट करण्याऐवजी दोन औषधे अल्प मात्रेत देण्यामागे पुष्कळदा संख्याशास्त्राचा भक्कम आधार असतो.

योग्य मात्रा शोधण्याची रीत व्यापाऱ्यास सहज उमगेल अशी आहे. वहीच्या पानावर आडव्या ओळींत एका औषधाच्या मात्रा मांडाव्यात: शून्य, अर्धी, पूर्ण, उभ्या रकान्यांत दुसऱ्याच्या. अशी नऊ घरे होतात. चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे रुग्णांची या घरांत वाटणी होते. कोण कोणत्या घरात आहे, हे रुग्णाला वा डॉक्टरांना ठाऊक नसते. शून्याच्या घरातील रुग्णांना औषध नसलेली, तशीच दिसणारी गोळी देतात. त्यांचाही रक्तदाब थोडा उतरतो. ती घट वजा केल्यावरच औषधाचा निव्वळ लाभ कळतो. जेथे लाभ पुरेसा आणि दुष्परिणाम कमी, ते घर निवडले जाते.

२००३ साली लंडनच्या माल्कम लॉ, निकोलस वाल्ड व सहकाऱ्यांनी ३५४ चाचण्यांचे आकडे एकत्र तपासले. पूर्ण मात्रेने रक्तदाबाचा वरचा आकडा सरासरी ९.१ ने, तर अर्ध्या मात्रेने ७.१ ने उतरला होता. मात्रा निम्मी झाली, तरी लाभ सुमारे पाचव्या हिश्शानेच घटला; अनेक औषधांचे दुष्परिणाम मात्र बरेच कमी झाले. २००९ मध्ये ४२ चाचण्यांवरून त्यांनी दाखविले की, वेगळ्या गटातील औषध जोडल्याने होणारी जादा घट ही तेच औषध दुप्पट केल्याने होणाऱ्या जादा घटीच्या सुमारे पाचपट असते. कारण, एक औषध मीठ-पाणी बाहेर टाकते, तर दुसरे रक्तवाहिन्या सैल करते. प्रत्येकाचा मार्ग निराळा.

म्हणूनच जोडीतील एक गोळी मनाने बंद करणे किंवा चुकलेली मात्रा दुसऱ्या दिवशी दुप्पट घेणे, म्हणजे हा सारा हिशेब मोडणे होय. पर्युषणात तपश्चर्या करणाऱ्यांनी हे विशेष ध्यानी घ्यावे. जोडीत लघवी वाढविणारे औषध असल्यास उपवासात शरीरातील पाणी घटून चक्कर येण्याचा धोका असतो. पच्चक्खाण घेण्यापूर्वीच किती उपवास करावयाचे आहेत, ते डॉक्टरांना सांगावे. कोणती गोळी, केव्हा व किती घ्यावयाची, हे त्यांच्याकडून लिहून घ्यावे. औषधाच्या सवलतीविषयी गुरुमहाराजांचेही मार्गदर्शन त्याच वेळी घ्यावे.