तारीख आहे का?

तुळशीची लग्नं लागली की त्यांच्यापाठोपाठ माणसांची सुरू होतात. २०२४च्या नोव्हेंबर-डिसेंबरच्या हंगामात देशभरात ४८ लाख लग्नं होतील आणि सुमारे सहा लाख कोटी रुपयांची उलाढाल होईल, असा व्यापाऱ्यांच्या ‘कॅट’ या संघटनेचा अंदाज होता. संघटनांचे अंदाज सढळ हाताचे असतात. पण त्यातले निम्मे जरी खरे धरले, तरी इतकी गिऱ्हाइकं मेकअपवाल्या ताईंपर्यंत, केटररपर्यंत, फोटोग्राफरपर्यंत पोहोचतात कशी, हा प्रश्न उरतोच.

आजकाल सुरुवात बहुधा एका मेसेजने होते. रात्री उशिरा, नवरीच्या नाहीतर तिच्या बहिणीच्या फोनवरून: ‘तारीख आहे का? पॅकेज पाठवा.’ धंद्यातली माणसं याला इन्क्वायरी म्हणतात, आणि या दोन वाक्यांतलं पहिलं जास्त महत्त्वाचं असतं. कारण इथे विकला जाणारा माल म्हणजे तारीख. चातुर्मास, अधिक मास आणि गुरू-शुक्राचे अस्त वजा जाता उरणाऱ्या मोजक्या दिवसांवर सगळेच तुटून पडतात. २०२४च्या मे-जूनमध्ये गुरू आणि शुक्र दोन्ही अस्तंगत होते. ऐन उन्हाळ्यात मुहूर्तांचा दुष्काळ पडला आणि अनेकांनी काढीव मुहूर्तावर भागवलं. मुहूर्ताच्या दिवशी एक मेकअप आर्टिस्ट फार तर दोन नवऱ्या तयार करते. त्या तारखेसाठी तिला शंभर इन्क्वायऱ्या आल्या, तर अठ्ठ्याण्णव वाया. म्हणून इन्स्टाग्रामवरच्या फॉलोअरच्या आकड्याला या धंद्यात लोक समजतात तेवढी किंमत नाही. पन्नास हजार फॉलोअर भारतभर विखुरलेले असतील, तर सांगलीतल्या रिकाम्या गुरुवारासाठी त्यांचा उपयोग काय? ‘डिसेंबरच्या तीनच तारखा शिल्लक’ ही साधी स्टोरी अनेकदा जास्त काम करते.

पूर्वी गिऱ्हाइकं जोडून देण्याचं हे काम मंगल कार्यालयाच्या मॅनेजरकडे असायचं. कार्यालय ठरलं की आचारी, मंडपवाला, फेटेवाला, सनईवाला त्याच्याच माहितीतले यायचे. १९९६ मध्ये मुंबईत जस्टडायल सुरू झालं आणि अनोळखी माणसाला फोनवरून ‘कल्याणला मेहंदीवाली हवी’ असं सांगता येऊ लागलं. २०१४ मध्ये वेडमीगुड हे लग्नाच्या कामांचं संकेतस्थळ आलं. २०२१ मध्ये चेन्नईच्या मॅट्रिमनी डॉट कॉमने शादीसागा हे तसंच संकेतस्थळ विकत घेतलं, म्हणजे स्थळं जुळवणाऱ्यांनी थेट मांडवापर्यंत मजल मारली. अशा ठिकाणी नाव वर दिसण्यासाठी पैसे मोजावे लागतात, आणि एकच चौकशी अनेकांकडे जाते. तिला ‘लीड’ म्हणतात. लीड आली की पाच जण एकाच घरी फोन करतात. नवरीचे वडील वैतागतात आणि भाव पाडणाऱ्याला काम मिळतं.

इन्स्टाग्रामने हे बदललं, पण एका रात्रीत नव्हे. २०१६च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला. ११ डिसेंबर २०१७ला टस्कनीत अनुष्का-विराटचं लग्न लागलं, आणि कपडे करणाऱ्या सब्यसाचीचं व फोटो काढणाऱ्या जोसेफ राधिकचं नाव मध्यमवर्गीय घरांतही पोहोचलं. लग्नात फोटोग्राफरला नाव असतं, हे बऱ्याच जणांना तेव्हाच कळलं असावं! २९ जून २०२०ला टिकटॉकवर बंदी आली आणि दहाच दिवसांत भारतात इन्स्टाग्रामचं रील सुरू झालं. त्या वेळी लग्नाला पन्नास माणसांची मर्यादा होती. २०२१च्या एप्रिलमध्ये तर महाराष्ट्रात पंचवीस माणसं आणि दोन तास एवढीच मुभा उरली. ज्यांना बोलावता आलं नाही त्यांनी लग्न फोनवर पाहिलं. पाहुण्यांना लागलेली ती सवय मांडव पुन्हा भरल्यावरही सुटली नाही.

सापडण्याची काही तंत्रं आहेत. प्रोफाइलच्या नावाच्या जागी नुसतं ‘ग्लॅम बाय अमुक’ न लिहिता ‘ब्रायडल मेकअप, सांगली’ लिहिलं की शोधणाऱ्याला नाव दिसतं. त्या जागेतले शब्द शोधात धरले जातात. संगीताची अडचण वेगळी आहे. बिझनेस खात्याला गाजलेली गाणी सर्रास वापरता येत नाहीत, म्हणून कित्येक जण क्रिएटर खातंच ठेवतात.

पण खरी शिफारस टॅगमधून होते. नवरीने आपल्या फोटोखाली पार्लर, फोटोग्राफर, पैठणीवाले आणि डेकोरेटर टॅग केले, की तिच्या चुलतबहिणीच्या, मैत्रिणीच्या लग्नाची इन्क्वायरी तिथून उगवते. आत्याने सुचवलेलं नाव आणि हे टॅगमधलं नाव यांत मला तरी फरक दिसत नाही. ओळखीवरच काम मिळतं, फक्त आता ती ओळख चारचौघांत दिसते. सनईवाला आणि आचारी यांना मात्र कोणी टॅग करत नाही. सनईचा तर आवाजही रीलमधून काढून त्यावर ट्रेंडिंग गाणं चढवतात.

इन्क्वायरी आल्यानंतर ती हातची कशी जाते, यावर बोलायला हवं. २०११ मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूत २,२४१ अमेरिकी कंपन्यांची पाहणी छापून आली होती. त्याच लेखातल्या दुसऱ्या एका अभ्यासात, तासाभरात संपर्क साधणाऱ्या कंपन्यांचं गिऱ्हाइकाशी कामाचं बोलणं होण्याची शक्यता, त्यानंतर एक तास जरी उशीर करणाऱ्यांच्या जवळजवळ सातपट होती. पाहणीतल्या तेवीस टक्के कंपन्यांनी तर उत्तरच दिलं नाही. त्या कंपन्या लग्नाच्या नव्हत्या, पण रात्री अकराला पाच जणांना एकच मेसेज टाकणाऱ्या मुलीला हे लागू होत नाही असं कोण म्हणेल? अडचण अशी, की सीझनमध्ये मेकअपवाली पहाटे तीनला उठून नवरीच्या घरी निघालेली असते. मग फोन भाची सांभाळते, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसवरचं आधीच लिहून ठेवलेलं उत्तर जातं.

किंमत हा दुसरा खड्डा. ‘प्राइस प्लीज’ या कॉमेंटला ‘डीएम केलंय’ असं उत्तर देण्याची रीतच पडली आहे. कॉमेंटी वाढतात आणि शेजारच्या पार्लरला दर कळत नाही, ही त्यामागची गणितं. मला हा गिऱ्हाइकाच्या वेळेचा अपमान वाटतो. केटररच्या ताटाचा दर पानं किती, पदार्थ कोणते, कार्यालय कुठलं यावर ठरतो, हे खरंच आहे. पण ‘इतक्यापासून पुढे’ एवढं लिहायला काय हरकत आहे? परवडणार नाही तो आपोआप गळतो आणि दोघांचीही संध्याकाळ वाचते.

माहिती अशी आधीच सांगायला स्वतःची वेबसाइट आणि गुगलवरची नोंद उपयोगी पडतात, पण त्यांना अनेक जण उगाच कमी लेखतात. इन्स्टाग्रामवर मुलगी रमते, पण ‘कोथरूडमधलं मंगल कार्यालय’ असं गुगलवर शोधणाऱ्या बापाची तारीख ठरलेली असते. स्थानिक शोधात विषयाशी जुळणं, अंतर आणि प्रसिद्धी हे तीन निकष धरतो, असं गुगल स्वतःच सांगतं. जागेचे खरे फोटो, पार्किंग, जेवणाच्या हॉलची क्षमता आणि ताजे रिव्ह्यू असले की अर्धे प्रश्न फोन करण्याआधीच सुटतात. रिव्ह्यू विकतही मिळतात. त्याला आळा घालण्यासाठी भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये आयएस १९००० हे मानक आणलं, पण ते ऐच्छिक आहे.

आता एक गोष्ट, जी या धंद्यातल्याही अनेकांच्या गावी नसते. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, कोणी पैसे देऊन आपल्या सांगण्यावरून फोटो काढून घेतला, तर वेगळा करार नसल्यास त्या फोटोचा पहिला मालक पैसे देणारा असतो, काढणारा नव्हे. म्हणजे ज्या फोटोंवर सगळी जाहिरात उभी आहे, ते मुळात नवरीच्या घरचे. मेकअपवाली तेच फोटो उचलून आपल्या पानावर लावते, तेव्हा तर मामला आणखी गुंतागुंतीचा. त्यामुळे जाणते फोटोग्राफर करारात फोटो टाकायची परवानगी आधीच लिहून घेतात. काही घरं ती देत नाहीत, आणि काही फोटोग्राफर अशा घरांना दर चढा लावतात.