पाताळकोट : एक दरी आणि तिच्यातील वस्त्या

श्रीखंडावर पेरलेली चारोळी कोणत्या रानातून आली, याचा विचार आपण सहसा करीत नाही. जबलपूर सोडून पश्चिमेकडे गेलेल्या नर्मदेस दक्षिणेकडून दुधी नावाची नदी मिळते. तिच्या उगमाकडे, छिंदवाडा जिल्ह्यातील तामिया विभागात, चारोळीचे असे एक रान आहे. त्याचे नाव पाताळकोट.

घोड्याच्या नालेसारखी वळलेली ही दरी काठापासून सुमारे ३७० ते ४५० मीटर खोल आहे. तिच्यात सूर्यप्रकाश पोहोचतच नाही, असे हौशी प्रवासी सांगतात. ते खरे मानू नये. उंच कड्यांमुळे काही वस्त्यांवर ऊन उशिरा येते व लवकर सरते, इतकेच. प्रकाशावाचून येथे मका आणि कुटकी पिकली नसती!

दरीत बारा गावे मोजतात. रातेड, कारेआम, चिमटीपूर, गैलडुब्बा ही त्यांपैकी काही. परंतु गाव म्हणताच वेस, पार व गल्ल्या डोळ्यांसमोर आणू नयेत. येथील गाव म्हणजे उतारावर विखुरलेल्या लहान लहान ढान्यांचा समूह होय. सपाट जमीन थोडी, म्हणून घरे दूर दूर. आणि जेथे पाणी तेथे घर. खडकात मुरलेले पावसाचे पाणी खाली अपार्य थर लागला की कड्याच्या अंगातून झऱ्याच्या रूपाने पाझरते. अशा झऱ्याच्या आसऱ्याने भारिया व गोंड कुटुंबे राहत आली. भारिया पूर्वी झाडोरा जाळून त्या राखेत धान्य पेरीत. कोकणातील राब पाहिलेल्या वाचकास ही रीत अगदीच परकी वाटणार नाही.

ही दरी जगापासून तुटलेली होती, असे म्हणणेही फारसे बरोबर नाही. मीठ खालच्या रानात पिकत नाही. ते वरच्या बाजारातून येई आणि त्याच्या बदल्यात चारोळी, हिरडा, मोहफुले वर जात. देवघेवीचा तराजू मात्र वरच्यांच्या हाती असे.

२००६ च्या वनाधिकार कायद्यात अशा आदिम समाजांच्या अधिवास-हक्काची तरतूद झाली. पाताळकोटच्या भारियांचा तो हक्क मान्य झाला आहे. २०१९ मध्ये ही दरी जैवविविधता वारसास्थळ ठरली.

तरी चारोळीचा प्रश्न उरतोच. फळ पिकून काळे झाले म्हणजे बी भरते. ते जमिनीवर पडले तरच नवे रोप उगवते. भाव चढला की मात्र हिरवी फळेच ओरबाडली जातात, फांद्याही तोडल्या जातात. फळ पिकेपर्यंत जो थांबतो, त्याच्या वाट्याला रिकामी डहाळी येते.