कोठावळा आणि कारभारी

पूर्वीच्या मोठ्या वाड्यांत दोन माणसांवाचून भागत नसे. कोठावळ्याने आलेला जिन्नस ठरल्या जागी लावावा आणि वहीत नोंद करावी. कारभाऱ्याने काय हवे, ते कोणत्या पेठेतून आणावे, त्याबरोबर आणखी काय लागेल, हे पाहावे. लिनक्स या संगणकप्रणालीत सॉफ्टवेअर बसविण्याची व्यवस्था अशीच दुहेरी आहे. ज्यांच्या घरी मुलेबाळे लिनक्स वापरू लागली आहेत, त्यांच्यासाठी आम्ही तिचा परिचय येथे करून देत आहोत.

डेबियन ही लिनक्सची जुनी शाखा इयान मरडॉक यांनी १९९३ साली सुरू केली. उबुंटू तिच्यातूनच निघाली. तिचा कोठावळा म्हणजे 'डीपीकेजी'. हाती दिलेले पॅकेज तो उघडतो, फायली जागच्या जागी ठेवतो आणि दप्तरात त्यांची नोंद करतो. परंतु त्या पॅकेजाला दुसरे एखादे लागत असेल, तर ते आणावयास तो जात नाही. तक्रार करून काम अर्धवट सोडतो. ही उणीव भरून काढणारा 'ॲप्ट' हा कारभारी मार्च १९९९ मधील डेबियन २.१ या आवृत्तीबरोबर आला. तो भांडारांच्या याद्या वाचतो, त्यांवरील सह्या पडताळतो, कोणाला कोण लागते याचा हिशेब मांडतो आणि सारी पॅकेजे उतरवून घेऊन योग्य क्रमाने डीपीकेजीच्या हवाली करतो. रेड हॅटच्या घराण्यात 'आरपीएम' हा कोठावळा, तर आधी 'यम' व मागाहून 'डीएनएफ' हे कारभारी. फेडोराने २०१५ साली २२ व्या आवृत्तीपासून डीएनएफ स्वीकारला.

यांत श्रेष्ठ कोण, हा प्रश्नच आम्हांस गैरलागू वाटतो. नित्याचा व्यवहार कारभाऱ्यामार्फत व्हावा. अमुक फाईल कोणत्या पॅकेजाची, हे विचारावयाचे असेल किंवा मध्येच वीज जाऊन काम अडले असेल, तर कोठावळ्याला गाठावे.

मात्र कारभाऱ्यावरही डोळे मिटून विसंबू नये. कॅनडातील प्रसिद्ध चित्रफीतकार लायनस सेबॅस्टियन यांची एक चित्रफीत नोव्हेंबर २०२१ मध्ये लोकांपुढे आली. पॉप ओएस या लिनक्सवर 'स्टीम' हा खेळांचा प्रोग्रॅम ते बसवीत होते. त्या वेळी भांडारातील पॅकेजांचा मेळ बिघडलेला होता. ॲप्टने जो हिशेब मांडला, त्यात पडद्यावरचा सारा डेस्कटॉपच काढून टाकणे आले! ॲप्टने धोक्याची सूचना दिली आणि 'होय, मी सांगतो तसे कर' या अर्थाचे पूर्ण वाक्य टंकित करावयास सांगितले. त्यांनी ते केले, आणि डेस्कटॉप नाहीसा झाला. पुढे ॲप्टच्या कर्त्यांनी अत्यावश्यक पॅकेजे काढण्याची वाट अधिक अवघड केली.

कारभारी हिशेबात पक्का असतो, पण धन्याच्या मनातले त्याला कळत नाही. म्हणून त्याने यादी पुढे ठेवली, की काय येणार यापेक्षा काय जाणार ते आधी वाचावे, आणि मगच होकार द्यावा.