‘रिन्यूअल’ : आपल्या ‘नव’चा दूरचा आप्त

“ठेव रिन्यू करायची आहे,” हे वाक्य बँकेच्या शाखांमधून नित्य कानी पडते. अर्जावर ‘नूतनीकरण’ असे छापलेले असले, तरी बोलण्यात ‘रिन्यूअल’च रुळला आहे. मात्र परका भासणारा हा शब्द मुळात तितकासा परका नाही.

इंग्रजीत ‘रिन्यू’ हे क्रियापद चौदाव्या शतकापासून आढळते. लॅटिनमधील ‘रेनोव्हारे’च्या धर्तीवर ‘रि’ म्हणजे पुन्हा आणि ‘न्यू’ म्हणजे नवे, अशी त्याची घडण झाली. इंग्रजी ‘न्यू’, लॅटिन ‘नोव्हुस’, फारसी ‘नौ’ आणि संस्कृत ‘नव’ ही एकाच इंडो-युरोपीय शब्दाची अपत्ये होत. पारशी बांधवांच्या ‘नवरोज’मधील ‘नव’ तो हाच. ‘रिन्यू’चे शब्दशः रूपांतर केल्यास ‘पुनर्नव’ हाती येतो. आयुर्वेदातील पुनर्नवा ही वनस्पती उन्हाळ्यात वरून वाळते. परंतु जमिनीतील मूळ जिवंत असल्याने पावसाळ्यात पुन्हा पालवते.

‘रिव्हायव्हल’ हा याच्याच जवळचा शब्द. त्याच्या मुळाशी ‘जगणे’ या अर्थाचे लॅटिन क्रियापद असून, त्याचे नाते संस्कृत ‘जीव्’ धातूशी आहे. वाहनविम्याची मुदत संपत आली की त्याचे ‘रिन्यूअल’ करावयाचे. हप्ते थकून बंद पडलेल्या आयुर्विमा पॉलिसीचे मात्र ‘रिव्हायव्हल’ होते. पहिल्यात खंड पडू न देण्याची दक्षता आहे, दुसऱ्यात तुटलेले सांधण्याचा प्रयत्न.

मुदत ठेवीच्या बाबतीत ‘न्यू’ या अक्षरांकडे विशेष लक्ष द्यावे. नूतनीकरण म्हणजे जुन्या दराने मिळालेली मुदतवाढ नव्हे. तो नवा करार असतो आणि त्यास सर्वसाधारणपणे त्या दिवशीचा व्याजदर लागू होतो. तो पूर्वीपेक्षा अधिक असेल वा कमीही. ठेवीचे नूतनीकरण झाले नाही आणि मुदतपूर्तीची रक्कम बँकेतच पडून राहिली, तर रिझर्व्ह बँकेच्या जुलै 2021 मधील सूचनेनुसार बचत खात्याचा दर किंवा ठेवीचा मूळ दर, यांपैकी जो कमी असेल त्याच दराने तीवर व्याज मिळते. मुदतपूर्तीनंतर दहा वर्षे कोणी दावा न केल्यास ती रक्कम 2014 मध्ये स्थापन झालेल्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत वर्ग होते. ठेवीदाराचा वा वारसांचा हक्क त्यामुळे नष्ट होत नाही. मात्र तो सिद्ध करण्याची यातायात अनेकदा अशा वारसांच्या वाट्याला येते, ज्यांना त्या ठेवीची कल्पनाही नसते.

‘आपोआप नूतनीकरण’ ही सुविधा म्हणूनच उपयुक्त आहे. परंतु नामनिर्देशन, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक आपोआप नवे होत नाहीत. पावतीवरील तारीख नवी होताना या नोंदींवरूनही एकवार नजर फिरवावी. तेव्हाच ते नूतनीकरण आपल्या नावास पुरेपूर जागेल.