वजन आहे उद्या!

रोह्याहून पेणला येताना एसटीत शेजारचा पोरगा पाण्याचा घोटही घेईना. विचारलं तर म्हणाला, "दादा, उद्या वजन आहे."

रायगडातल्या कबड्डीवाल्याला एवढं पुरतं. कुमार गटाला वय २० वर्षांच्या आत, वजनही ठरलेल्या मर्यादेत. काटा जरा पुढे सरकला की बाहेर. मग आदल्या रात्री जेवण बंद, भर उन्हात जर्किन घालून धावणं. (तब्येतीला वाईट. पण ऐकतंय कोण!)

खरी कसोटी विशीनंतर. खुल्या गटात समोर दांडगा कोपरारक्षक, आणि घरी एकच प्रश्न: कामधंद्याचं काय?

पूर्वी कोकणातला माणूस मुंबईच्या गिरणीत चिकटायचा. १९८२च्या संपानंतर ती वाट बुजली. रोह्याच्या धाटाव एमआयडीसीत शिरायचं तर बरेचदा कंत्राटदारामार्फत. म्हणून पोरांची नजर रेल्वे आणि पोलिसांच्या संघांवर. २०१४पासून प्रो कबड्डी आहे, पण तिथे पोचतो एखादाच.

राज्याच्या सरकारी भरतीत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे. मात्र नुसती गावच्या स्पर्धेची ढाल चालत नाही. पात्र स्पर्धेचं प्रमाणपत्र लागतं आणि क्रीडा विभागाकडून त्याची पडताळणी. जाहिरात निघायची वाट बघू नका, आधीच करून घ्या.

कागदपत्रांबद्दल काही अडलं तर खाली विचारा.