खिशातलं स्टेडियम: 'रिअल क्रिकेट'ची वाटचाल

वसई पूर्वेच्या एव्हरशाईन सिटीत संध्याकाळी दोन इमारतींच्या मधल्या जागेत टेनिस बॉलचं क्रिकेट रंगतं. अंधार पडला की तीच पोरं जिन्यात बसून मोबाइलवर मॅच लावतात. या पट्ट्याला क्रिकेटचं वेड नवं नाही. पृथ्वी शॉ विरारहून आणि शार्दूल ठाकूर पालघरहून लोकलने मुंबईची मैदानं गाठत मोठे झाले. पण मोबाइलवरच्या क्रिकेटची एक गाजलेली मालिकाही आपल्या महाराष्ट्रातच घडली, हे फार जणांना ठाऊक नसतं.

त्याआधी कॉम्प्युटरवरचं क्रिकेट परदेशातून यायचं. 'ईए स्पोर्ट्स'चा 'क्रिकेट 07' हा गेम 2006च्या अखेरीस आला आणि सायबर कॅफेपासून घरच्या पीसीपर्यंत सगळीकडे पोचला. त्यात अधिकृत परवाना होता तो इंग्लंड-ऑस्ट्रेलियाच्या खेळाडूंचा, त्यामुळे भारतीय खेळाडूंची नावं बदललेली असत. चाहते स्वतः फाइली दुरुस्त करून खरी नावं आणि नव्या जर्सी घालत. त्यानंतर कंपनीने ही मालिकाच थांबवली. क्रिकेटवेड्यांचा एवढा मोठा देश, पण त्याच्यासाठी गेम करायला जगातल्या बड्या कंपन्यांना घाई नव्हती.

ती जागा भरून काढली मोबाइलने. चेन्नईच्या 'नेक्स्टवेव्ह'ने 'वर्ल्ड क्रिकेट चॅम्पियनशिप' आणलं, तर इकडे अनुज मानकर यांनी 2013मध्ये 'नॉटिलस मोबाइल' सुरू केली. याच कंपनीच्या 'रिअल क्रिकेट'चे 'रिअल क्रिकेट 14'पासून 16, 17, 18, 19, 20, 22, 24 असे नवे अवतार येत गेले. 2016मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि पीसी नसलेल्या घरांतही गेम डाउनलोड होऊ लागले.

या खेळाचं मर्म एका चेंडूत कळतं. गोलंदाज धावत येतो, टप्पा कुठे पडणार याची खूण खेळपट्टीवर उमटते. डाव्या अंगठ्याने दिशा द्यायची, उजव्याने फटका. क्षणभर घाई झाली तर चेंडू हवेत आणि उशीर झाला तर दांडी गुल. 'रिअल क्रिकेट 20'मध्ये फलंदाजांचे बचावात्मक, संतुलित, आक्रमक असे स्वभाव वेगळे केले. मुंबई आणि पुण्याची स्टेडियम आली, सकाळ, दुपार, ढगाळ हवा असे पर्याय आले, समालोचनाला संजय मांजरेकरांचा आवाज आला. पुढे मोशन कॅप्चर आलं. त्यात खऱ्या माणसाच्या हालचाली टिपून त्या पडद्यावरच्या खेळाडूला दिल्या जातात. '24'मध्ये जोस बटलर, स्टीव्ह स्मिथ, राशिद खान असे खेळाडू रीतसर परवान्याने, खऱ्या नावानिशी उतरले.

पैशाचं पाठबळही वाढलं. 2020मध्ये पुण्याची 'जेटसिंथेसिस' ही कंपनी नॉटिलसची मालक झाली. त्याच जेटसिंथेसिसमध्ये 2021मध्ये सचिन तेंडुलकरने गुंतवणूक केली. 2022मध्ये 'बीजीएमआय' हा मोबाइल गेम आणणाऱ्या दक्षिण कोरियाच्या 'क्राफ्टन'ने नॉटिलसमध्ये पैसे घातले आणि 2025मध्ये सुमारे 118 कोटी रुपयांना तिचा ताबा घेतला.

मालकी दक्षिण कोरियाला गेली याची हळहळ वाटणं साहजिक आहे. तरी यात एक मोठी गोष्ट सिद्ध झाली. पुल कुठल्या चेंडूला मारायचा, ढगाळ हवेत स्विंग का होतो, शेवटच्या षटकात क्षेत्ररक्षण कसं लावायचं, हे लहानपणापासून अंगी मुरलेली माणसं इथे आहेत. त्या जाणकारीला प्रोग्रॅमिंग, चित्रकला आणि ॲनिमेशनची जोड मिळाली की जगाला दखल घ्यावी लागते. गेम फुकट असला तरी त्यात जाहिराती आणि पैसे भरून घ्यायच्या वस्तू असतात, तिथे आईबाबांनी लक्ष ठेवावंच. पण मोबाइलवर खेळणाऱ्या मुलाला रागावताना एकदा हेही विचारावं, की हा फटका पडद्यावर कसा आणला असेल रे? त्या प्रश्नाच्या मागे लागलेल्या मुलाला वसईत बसूनही शिकण्यासारखं आणि पुढे पोट भरण्यासारखं बरंच काही सापडेल.